पायथ्याचा तडा माथ्यावर

घोडबंदरचा किल्ला आमच्या मिरा-भाईंदरच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ मध्ये, मराठ्यांकडे आला. त्याच्या एका सपाट भिंतीचा समोरून फोटो काढून मी घरच्या संगणकावर तिचे त्रिमिती मॉडेल केले, ते दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेले आणि टिपण लिहायला बसलो. ‘तडा माथ्यावरून खाली उतरतो’ असे लिहूनही टाकले. नंतर मूळ फोटो पाहिला, तर तडा पायथ्याशी! पडद्यावर फोटो उलटा बसला होता. पण दगड उलटा केला तरी दगडच दिसतो, म्हणून मला पत्ता लागला नाही. पायथ्याचा तडा पाया खचल्याची शंका आणतो, माथ्याचा तडा वेगळे काही सांगतो. उद्या कोणी माझ्या नोंदीवर विसंबून डागडुजी केली असती तर?

असे का होते? मॉडेल हा नुसता आकार. त्यावर चढवलेले चित्र म्हणजे टेक्श्चर. आकाशकंदिलाच्या सांगाड्यावर आपण कागद चिकटवतो, तसेच हे काम. कागदाचा कोणता बिंदू सांगाड्याच्या कोणत्या कोपऱ्यावर बसवायचा, हे दोन आकडे ठरवतात : ‘यू’ आडवा, ‘व्ही’ उभा, दोन्ही साधारणतः ० ते १ मध्ये. टेक्श्चर चढवण्याची ही रीत एडविन कॅटमल यांनी युटा विद्यापीठातील १९७४ च्या प्रबंधात मांडली. पुढे मात्र शून्य कुठे धरायचे, यावर एकमत झाले नाही. ओपनजीएलच्या प्रथेत ते चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, डायरेक्टएक्स आणि जीएलटीएफमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात. एकाचे आकडे दुसऱ्याने जसेच्या तसे वाचले, की तळ वर जातो. उपाय साधा : प्रत्येक ‘व्ही’ १ मधून वजा करायचा. ०.१ चा ०.९ होतो. फक्त हे एकदाच करावे. पाठवताना आणि घेताना दोन्हीकडे केले, तर चूक जिथल्या तिथे राहते.

दगडाचा खडबडीतपणा दाखवणाऱ्या नॉर्मल मॅपचेही असेच. ब्लेंडर त्यात ओपनजीएलची प्रथा पाळतो, अनरियल डायरेक्टएक्सची. म्हणून खळगे उंचवट्यांसारखे भासतात. तिथे चित्रातील हिरवा घटक तेवढा उलटा करायचा.

बुरुजासारख्या आकाराचे टेक्श्चर अनेक तुकड्यांत कापलेले असते. ते उलटले, की सगळा विस्कोट होतो आणि चूक स्वतःच ओरडून सांगते. सपाट भिंत मात्र गुपचूप खोटे बोलते. म्हणून आता मी आधी आकडे लिहिलेल्या चौकटींचे चित्र चढवतो : तळाची ओळ १, माथ्याची ८. नव्या प्रोग्रॅममध्ये आकडे सुलटे आणि जागच्या जागी दिसले, तरच भिंतीचा फोटो चढवतो. आणि टिपणात तड्याची जागा लिहिण्यापूर्वी मूळ फोटो शेजारी उघडून ठेवतो.