टोपण लाल की नारंगी?

मिक्सटार्ड या इन्सुलिनची पेनं बंद होणार, ही बातमी शहरात किमतीच्या चर्चेत विरून गेली. नोवो नॉर्डिस्क कंपनीने २०२५ मध्ये भारतातली ह्यूमन इन्सुलिनची पेनं आणि पेनफिल, म्हणजे पेनात बसवायच्या औषधाच्या नळ्या, थांबवायचं ठरवलं. बाटल्या मात्र मिळत राहणार. म्हणजे पेनाची सवय झालेल्यांच्या हाती आता बाटली आणि सिरिंज. पुणे जिल्ह्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या बाजूच्या वाड्यांत इन्सुलिन टोचायचं ते घरीच. चुकलं तर घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, तेही गाडी मिळाली तर.

लोक सुईला घाबरतात. मला भीती वाटते सिरिंजवरच्या आकड्यांची.

पेनातल्या इन्सुलिनमध्ये मिलिलिटरला १०० युनिट असतात. आपल्याकडच्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा ४०. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारंगी. समजा, डोस १० युनिटचा आहे. ४० च्या बाटलीतून नारंगी सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात जातात फक्त ४ युनिट. साखर चढतच राहते. १०० च्या औषधाला लाल सिरिंज लावली, तर त्याच रेघेवर भरतात २५. सकाळी टोचून भाताच्या आवणीला चिखलात उतरलेल्या बाईला मग दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्धही हरपू शकते. उरलेल्या पेनफिलमधून सिरिंजने औषध ओढणं याच कारणाने जिवावर बेतू शकतं.

बाकीचं कुणालाही शिकता येतं. गढूळ इन्सुलिन तळहातांत हलकेच घोळवायचं, जोरात हलवायचं नाही. डोसाइतकी हवा आधी बाटलीत सोडायची. पोटावर टोचताना बेंबीभोवतीची थोडी जागा सोडायची आणि रोज जागा बदलायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ धरते, तिथून औषध नीट शोषलं जात नाही. जेवण चुकवायचं नाही, पदराला साखरेची पुडी हवीच.

घरात फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन नाकारू नये. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या तापमानावरून झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत चढउतार होत असतानाही इन्सुलिन चार आठवडे टिकलं. चालू बाटली डबीत घालून ओल्या माठात ठेवता येते. बर्फात मात्र कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आणि वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नये. ती शेणखताबरोबर शेतात जाते नि अनवाणी पायात शिरते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्यावी.

बाटली कोणती, हे न विचारता सिरिंज देणं औषध दुकानदारांनी थांबवलं पाहिजे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिटसोबत सिरिंजही लिहावी, आणि पेनावरून बाटलीवर आलेल्या प्रत्येकाकडून पहिला डोस समोर भरून घ्यावा. यात पाचेक मिनिटं जातील. तेवढी प्रत्येक पेशंटला मिळालीच पाहिजेत.