गुरगुरणारा गळा आणि शिकवणारा गळा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी लागते. तेथील एका कापड कारखान्यात आम्ही दोघे शिक्षक अकरावीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. मागांचा खडखडाट इतका, की शेजारच्या मुलाशी बोलायचे तरी ओरडावे लागत होते. दोन तासांनी बाहेर आलो तेव्हा आम्हा दोघांचेही आवाज बसले होते.

परतताना बसमध्ये एका मुलाने मोबाइलवर गाणे लावले. शब्द कळत नव्हते. खोल विहिरीत रेडा डुरकावा तसा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, “सर, याला डेथ मेटल म्हणतात. हे लोक दौऱ्यावर रोज रात्री असेच गातात. तुमचा आवाज दोन तासांत गेला, मग यांचा कसा टिकतो?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला आमच्याच गळ्याविषयी बरेच काही कळले.

डेथ मेटल हा रॉक संगीताचा एक प्रकार. १९८० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, रुजला. आपल्याकडेही त्याचे गायक आहेत. मुंबईत २००७ साली सुरू झालेल्या ‘गटस्लिट’ या वाद्यवृंदाने युरोपचे दौरे केले आहेत. त्यांच्या २०१७ सालच्या ‘अँप्युथिएटर’ या ध्वनिमुद्रिकेत आदित्य बर्वे यांचा गुरगुरता आवाज ऐकू येतो.

हा आवाज निघतो कोठून?

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेमुळे ते एकमेकांवर आपटतात आणि आवाज निर्माण होतो. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांचे सुमारे २०० वेळा आपटतात.

या स्वरतंतूंच्या लगेच वर मऊ आवरणाच्या आणखी दोन घड्या असतात. त्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात त्या बाजूला राहतात. घास गिळताना किंवा जड पोते उचलताना त्या जवळ येऊन श्वासमार्ग बंद करायला मदत करतात. पोते उचलताना निघणारा ‘हं’ आठवा. त्या वेळी गळ्यात जे आवळते, त्यात या घड्यांचा वाटा असतो.

डेथ मेटलचा गायक या घड्या हवेच्या झोतात थरथरू देतो. स्वरयंत्रात दुर्बीण घालून केलेल्या तपासण्यांत हे प्रत्यक्ष दिसले आहे. ही थरथर अनियमित असते, म्हणून आवाज खरखरीत लागतो. ही युक्ती काही नवी नाही. मध्य आशियातील तुवा प्रांताचे गायक आणि काही तिबेटी भिक्षू खर्जासाठी याच घड्या वापरतात. त्यांची थरथर मात्र नियमित असते.

मेख अशी, की कसलेला गायक वाटतो तेवढा मोठ्याने ओरडतच नाही. तो मायक्रोफोन ओठांशी धरतो. आवाज मोठा करण्याचे काम विजेकडे असते, गळ्याकडे नाही. शिवाय पायाशी ठेवलेल्या ध्वनिवर्धकातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. न शिकता नुसते केकाटणाऱ्याचे स्वरतंतू मात्र सुजतात, त्यांवर गाठी येतात, कधी रक्तही साकळते.

दौऱ्यातले उरलेले तेवीस तास

एका रात्री तीन-चार वाद्यवृंद असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३० ते ४५ मिनिटे येतात. मग गळा बिघडतो केव्हा? उरलेल्या वेळात. रात्रभर गाडीचा प्रवास, कोरडी हवा, अपुरी झोप आणि कार्यक्रमानंतर गोंगाटात चाहत्यांशी गप्पा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे दाखवून दिले, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. चिंचोळीच्या माग-खात्यात आम्ही त्याच परिणामाचे बळी ठरलो होतो.

आता थोडे गणित करू. एका शिक्षिकेच्या ३५ मिनिटांच्या सहा तासिका, म्हणजे २१० मिनिटे. त्यातला एकतृतीयांश वेळ स्वरतंतू कंप पावतात असे धरू. ७० मिनिटे म्हणजे ४,२०० सेकंद. गुणिले २०० केले की ८ लाख ४० हजार आघात होतात, तेही एका दिवसात! गायकाच्या ४० मिनिटांतली २० मिनिटे गळा चालू आणि सेकंदाला १०० कंप धरले, तर होतात १ लाख २० हजार. प्रत्येक आघाताचा जोर वेगळा असतो, म्हणून केवळ आकड्यांवर निवाडा करता येणार नाही. पण गायकाला ‘तुझा गळा धोक्यात आहे’ असे सांगणाऱ्या आपण आपल्या गळ्याचा हिशेब कधी केला आहे काय?

बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांच्यासारखे लोककलावंत गावोगाव मैदाने गाजवत. गळा हे आपले अवजार आहे, हे असा प्रत्येक कलावंत जाणतो. आपण शिक्षक तेच विसरतो.

वर्गात काय करता येईल?

उघड्या जागेत ऐकणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याच्या कानी पडणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरऐवजी एक मीटरवर उभे राहिले तर १२ डेसिबल फुकट मिळतात. बंद वर्गात भिंतींवरून आवाज परतत असल्याने फायदा कमी होतो, पण होतो. म्हणून ओरडण्यापेक्षा मुलांमध्ये जाऊन उभे राहावे. खिडकीबाहेर ट्रक जात असेल तर तो जाईपर्यंत थांबावे. हातभर अंतरावरच्या माणसाशीही आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर तेथील गोंगाट साधारण ८५ डेसिबलच्या पुढे गेला आहे असे समजावे. अशा ठिकाणी माहिती बाहेरच सांगून मग मुलांना आत न्यावे. पुढच्या सहलीत आम्ही तसेच करणार आहोत.

पाणी पीत राहावे. प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जाते. पण शरीरात पाणी पुरेसे असले की स्वरतंतूंवरचा ओलावा टिकतो. आवाज बसल्यावर जोर लावून कुजबुजू नये, गप्प राहावे. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करून घ्या. गळ्यावर दोन बोटे ठेवून आधी ‘स्स्स’ आणि मग ‘आऽऽ’ म्हणायला सांगा. ‘स्स्स’ म्हणताना बोटांना काहीच जाणवत नाही, ‘आऽऽ’ म्हणताना थरथर जाणवते. ती थरथर दिवसातून किती वेळा होते, याचे वरचे गणित मग त्यांनाच करू द्या. बाईंचा आवाज का बसतो, आणि वर्गातल्या गोंगाटाची किंमत कोण मोजते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.