बिंदू घरी परत येतो का? पिंगपाँगची युक्ती

आज जरा गणित, पण बेरीज-वजाबाकीपुरतंच. कागद-पेन असेल तर उत्तम, बसमध्ये असाल तर नुसतं ऐका.

समजा काही चाली आहेत, आणि प्रत्येकीची उलटी चालही आहे. अशा चालींच्या कुटुंबाला ग्रुप म्हणतात. आता मी चालींची एक लांबलचक माळ दिली. सगळ्या चाली केल्यावर सगळं जिथल्या तिथे येतं का? याला म्हणतात वर्ड प्रॉब्लेम. 1911 मध्ये माक्स डेन या जर्मन गणितज्ञाने विचारलं, की हे ठरवणारा अल्गोरिदम आहे का? 1955 मध्ये रशियाच्या प्योत्र नोविकोव्ह यांनी सिद्ध केलं, की मोजकेच नियम लिहून तयार केलेले काही ग्रुप असे आहेत, ज्यांच्यासाठी असा अल्गोरिदम असूच शकत नाही. कितीही भारी मशीन आणा!

मग हात टेकायचे? नाही. चालींना नुसती अक्षरं समजू नका. त्या कशाला हलवतात, ते बघा.

दोन संख्यांची जोडी घ्या: 0 आणि 1. चाल 'अ': दुसरीची दुप्पट पहिलीत मिळवा. चाल 'ब': पहिलीची दुप्पट दुसरीत मिळवा. उलट्या चालींत मिळवण्याऐवजी वजा करा. आता अ, ब, अ करू. (0, 1) चे होतात (2, 1), मग (2, 5), मग (12, 5).

गंमत दिसली? चिन्ह सोडून द्या, फक्त आकार बघा. दुसरी मोठी असताना 'अ' सरळ किंवा उलटी, कितीही वेळा करा, पहिली मोठी होते. कारण पहिली होती दुसरीपेक्षा लहान, आणि तिच्यात पडली किमान दुसरीची दुप्पट. चिन्हं विरुद्ध असली तरी दुसरीपेक्षा जास्तच उरतं. 'ब' हेच उलट्या बाजूने करते. म्हणजे बॉल टेबलाच्या या बाजूला, त्या बाजूला. म्हणूनच या युक्तीचं नाव पिंगपाँग लेमा.

तर 'अ'ने सुरू होऊन 'अ'नेच संपणारी माळ (0, 1) ला पलीकडे नेऊन सोडते. बिंदू घरी नाही, विषय संपला! बाकीच्या माळांच्या एका टोकाला 'अ'च्या काही चाली आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्याच उलट्या लावून त्या याच प्रकारात आणता येतात. म्हणून अल्गोरिदम एका ओळीचा: शेजारी आलेल्या चाल-उलटी चाल खोडत जा. शेवटी काही उरलं, तर उत्तर 'नाही'.

कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. लूप हजार वेळा चालवून बघणं ही टेस्ट. प्रत्येक फेरीत टिकणारी एक गोष्ट शोधणं, म्हणजे इन्व्हेरियंट, हा पुरावा. इथे 'कोणती संख्या मोठी' हाच इन्व्हेरियंट.

पण तो फुकट मिळत नाही. दुपटीऐवजी एकपट मिळवा, मग 'अ, उलटी ब, अ' हा गट चारदा करा. (0, 1) परत (0, 1) वरच! खरं तर प्रत्येक जोडी घरी येते, कारण तो गट म्हणजे 90 अंशांचं वळण. दोनाच्या जागी एक आला आणि पुरावा कोसळला.

जॅक टिट्स यांनी 1972 मध्ये हीच युक्ती मॅट्रिक्सच्या ग्रुपांवर खूप मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यावर पुढे कधीतरी बोलूच. तोवर (0, 1) वर स्वतःची एक माळ चालवून बघा!