एक ग्रॅमही नाही, तरी ४७ परार्ध

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं एकापासून चढवत नेली आणि परार्धाशी थांबले. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पुण्यातल्या साध्या लॅबच्या सीआरपी रिपोर्टमागचे रेणू मोजायला ही संख्याही अपुरी पडते.

सीआरपी हे यकृतात बनणारं प्रथिन. निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तद्रवात ते एखाद-दुसरं मिलिग्रॅम सापडतं. शरीरात दाह भडकला की दोनेक दिवसांत ते शेकडो पटींनी, कधी हजारपटही वाढतं. समजा रिपोर्टवर लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आले. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तद्रव सुमारे तीन लिटर, म्हणजे सगळं सीआरपी मिळून ९०० मिलिग्रॅम. रेणू मोजले तर मात्र ते भरतात सुमारे ४७ परार्ध! सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलं, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दहापट काळ लागेल. शिवाय यातले निम्मे रेणू १९ तासांत नाहीसे होतात. हा आकडा ३०० वर टिकायचा, तर यकृताला दर सेकंदाला सुमारे ४८ लाख कोटी नवे रेणू रक्तात सोडावे लागतात. आणि एवढा प्रचंड खटाटोप आपल्याला दिसतो तो तीन अंकी आकडा म्हणून.

पण दाह कुठे आहे, कशामुळे आहे, हे सीआरपी सांगत नाही. न्यूमोनियातही ते चढतं आणि प्रौढांच्या स्टिल्स आजारातही. ताप, पुरळ आणि सांधेदुखी आणणारा हा दुसरा आजार फार दुर्मीळ. ब्रिटिश डॉक्टर एरिक बायवॉटर्स यांनी १९७१ मध्ये प्रौढांमधल्या या आजाराचं वर्णन केलं. पश्चिम फ्रान्समधल्या पाहणीत वर्षाला दर दहा लाखांत दीड-दोनच नवे रुग्ण आढळले. तोच दर धरला, तर २०११ च्या जनगणनेतल्या ३१,२४,४५८ लोकसंख्येच्या पुणे शहरात वर्षाला पाच.

हे पाच शोधायचे कसे? फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची मोठी मदत होते. पुरुषांत त्याची वरची मर्यादा मिलिलिटरमागे साधारण ३०० नॅनोग्रॅम. या आजारात ते हजारोंत जातं, कधी दहा हजारांच्याही पुढे. मात्र डेंगीतही ते हजारांत जाऊ शकतं, आणि पावसाळ्यात पुण्यात डेंगीचे रुग्ण किती असतात हे इथे कुणाला सांगायला नको. समजा एखादी चाचणी शंभरात एकदाच चुकते. ती सगळ्या शहराची सरसकट केली, तर पाच खऱ्या रुग्णांसोबत ३१ हजार निरोगी माणसांवर रोगाचा शिक्का बसेल.

म्हणून आधी माणसाला विचारावं लागतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर जाऊन हेच केलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी सांधे-स्नायूंचं दुखणं सांगितलं. संधिवाताभ, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, निघाला सुमारे अर्धा टक्का लोकांत. स्टिल्समध्येही प्रश्न साधेच असतात. ताप रोज ठरावीक वेळी चढून उतरतो का? तापाबरोबर गुलाबी पुरळ येऊन जातं का? घसा, सांधे दुखतात का? उत्तरं जुळली, जंतुसंसर्ग आणि कर्करोग तपासून बाजूला सारले, की मग दहा हजारांचं फेरिटिन बोलू लागतं.

आकडा उतरला म्हणून निर्धास्त होणं तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ईएसआर ही दाहाचीच आणखी एक चाचणी; तिच्या नळीवर २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असतात. तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या एवढंच ती दाखवते. पेशी भरभर बसतात त्या मुख्यतः फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनामुळे. स्टिल्सच्या काही रुग्णांत प्रतिकारशक्ती इतकी बेभान होते की फायब्रिनोजेनच संपत जातं. मग १०० वर असलेला ईएसआर झपाट्यानं खाली येतो, नातेवाइकांना हायसं वाटतं, आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरत असतात, फेरिटिन चढत असतं. अशा रुग्णाला त्याच दिवशी उपचार लागतात.