सदाशिव पेठेतील डेंग्यू आणि रोगसर्वेक्षणाची वीस वर्षे

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा आरंभ नोव्हेंबर २००४ मध्ये झाला आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा त्यात समावेश झाला. या कार्यक्रमाला वीस वर्षे होत असतानाच, जून २०२४ मध्ये, पुण्यातील सदाशिव पेठेपलीकडे मुठा नदी ओलांडली की लागणाऱ्या एरंडवण्यात झिकाचे रुग्ण आढळले. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हाच डास झिकाही पसरवतो; तरीही या रोगाचा सुगावा लागला तो खासगी रुग्णालयाने तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यातून, डासांच्या घरोघर पाहणीतून नव्हे, आणि ही गोष्ट पुण्याच्या जिव्हारी लागायला हवी.

या कार्यक्रमाआधीचा काळ थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी पुण्यातील घरे धुंडाळली आणि सरकारी तपासणी म्हणजे जुलूम, हे समीकरण रूढ झाले. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

खरे वळण आले ते २००६ नंतरच्या दशकात. त्या वर्षी चिकुनगुनियाने महाराष्ट्र हैराण केला आणि त्याच सुमारास देशभर प्रहरी रुग्णालये, म्हणजे ठरावीक पद्धतीने रक्तनमुने तपासून रोगाची चाहूल देणारी केंद्रे, नेमण्यात आली. त्यांना लागणारे एलायझा संच पुण्याच्या याच संस्थेने पुरवले. तापाच्या साधारण पाचव्या दिवसानंतर रक्तात दिसणारी आयजीएम प्रतिपिंडे हे संच ओळखतात; पहिल्या काही दिवसांतच सापडणाऱ्या, विषाणूच्या एनएस-१ या प्रथिनाची एलायझा चाचणी पुढे त्यांच्या जोडीला आली. शास्त्र म्हणून ही व्यवस्था चोख होती, परंतु तिच्या पोटात एक खोट राहिली. राष्ट्रीय नियमानुसार एलायझाने सिद्ध झालेला रुग्णच निश्चित धरला जातो, आणि खासगी दवाखान्यात पट्टीवरच्या झटपट चाचणीत आढळलेला रुग्ण संशयितांच्या रकान्यातच अडकतो. सदाशिव पेठेसारख्या वस्तीत तापकरी प्रथम जातो तो ओळखीच्या डॉक्टरकडे, त्यामुळे पेठेचा खरा ताप कागदावर उतरतच नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने २००६ ते २०१२ या काळात भारतात नोंदल्या गेलेल्या वार्षिक सरासरी २०,४७४ रुग्णांच्या तुलनेत प्रत्यक्ष रुग्ण २८२ पट असल्याचा अंदाज मांडला. एवढी दरी उघड होऊनही शहरे नोंदलेल्या आकड्यावरच समाधान मानत राहिली, हे अक्षम्य होते.

याच काळात पेठही पालटत होती. वाडे पडले, त्यांचे हौद बुजले आणि त्या जागी लिफ्टचे खड्डे व स्लॅबवर सिमेंटची आळी बांधून कोंडलेले पाणी आले. घराघरांत कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे होताच. अशा पाण्यावर विजेरीचा झोत टाकला की पृष्ठभागाशी डोके खाली करून लोंबकळणाऱ्या एडिसच्या अळ्या वळवळत तळ गाठतात, आणि हे ज्याला ओळखता येते तो कीटक समाहारक, म्हणजे डास व अळ्या गोळा करणारा कर्मचारी, हाच या यंत्रणेचा डोळा होय. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हे सांगणारा ब्रेटो निर्देशांक त्याच्याच पाहणीतून निघतो आणि रुग्ण सापडण्यापूर्वीच धोका दाखवतो. परंतु वर्तमानपत्रांत झळकतो तो रुग्णांचा आकडा, आणि गल्लीत दिसते ती धूरफवारणी, जिने उडते डास मरतात पण अळी जिवंत राहते.

२०२१ पासून नोंदी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर संगणकाने होऊ लागल्या. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील डेंग्यूमृत्यू व हवामान यांची सांगड घालून, दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देता येईल असे दाखवले. परंतु तो इशारा कोणत्या गल्लीतल्या कोणत्या गच्चीसाठी आहे, हे हवामानाचे गणित सांगू शकत नाही. त्यासाठी रुग्णाचा पत्ता हवा आणि अळी शोधणारा माणूस हवा. म्हणून पेठेतील डॉक्टरांनी झटपट चाचणीत आढळलेल्या रुग्णाचाही पत्ता त्याच दिवशी महापालिकेला कळवावा, महापालिकेने रुग्ण निश्चित ठरण्याची वाट न पाहता आसपासची घरे तपासावीत, आणि दारी आलेल्या कर्मचाऱ्याला रहिवाशांनी गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊ द्यावे.