थोराड श्वान दत्तक घेण्यापूर्वी

राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरील शेतघरात मालकाने टाकून दिलेला ग्रेट डेन राखणीसाठी आणू इच्छिणाऱ्याने, ज्या जातीच्या नराची खांद्यापाशी उंची निदान ८० सेंटिमीटर भरते, त्या प्राण्यास साखळीपेक्षा माणसांचा सहवास अधिक लागतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. भरपेट जेवणानंतर त्यास धावडवू नये. जठराला पीळ पडल्यास काही तासांतच प्राण जातो, सबब रात्री-अपरात्री कर्जतेस कोणता पशुवैद्य मिळेल, याची चौकशी आधीच करावी. पावसाळ्यात कानाच्या पाळीखाली व बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज पाहावेत. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणे किंवा अवाजवी आखूड साखळीने दीर्घकाळ जखडणे, हे दोन्ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये गुन्हे आहेत.