गेम हँग होतो तेव्हा

सुट्टीत तिगावला घरी गेले, तर धाकट्याचा गेमिंग कॉम्प्युटर मधूनच दोन-तीन सेकंद हँग व्हायचा आणि परत सुरू. त्याचा निकाल तयार होता. “ताई, ग्राफिक्स कार्डच गेलं!” साठवलेले पैसे घेऊन तो नागपूरला निघालाच होता.

कार्ड तापलं तर गेम बहुधा रखडत चालतो. हे वेगळं वाटलं. म्हणून हँग झाला की वेळ वहीत लिहायची, असं ठरवलं (साहित्यवाल्यांना तेवढंच जमतं). मग विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. नेमक्या त्याच वेळांना १५३ क्रमांकाची नोंद! म्हणजे डिस्ककडे मागितलेलं काम पहिल्यांदा झालं नाही, विंडोजने ते पुन्हा करायला लावलं. तोवर गेम खोळंबणारच.

पण डिस्क मरतेय की वायर? आधी आजीच्या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज पेनड्राइव्हवर घेतली, मग क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. खराब सेक्टर शून्य, सीआरसी एररचा आकडा मात्र रोज वाढता. डेटा वाटेत बिघडतो तेव्हा तो वाढतो, म्हणून संशय साटा केबलवर. ती बदलली. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही. वाढायचा थांबला का, तेवढं बघायचं. आमचा थांबलाय.